घरी ड्रम्स रेकॉर्ड करताना: मोड्यूलचा आवाज घ्यावा की मिडी?

इलेक्ट्रॉनिक किट घरात आलं की पहिला प्रश्न हाच पडतो. मोड्यूलच्या, म्हणजे पॅडचे आवाज काढणाऱ्या डब्याच्या, आउटपुटला केबल लावून त्याचाच आवाज रेकॉर्ड करायचा, की यूएसबीतून फक्त मिडी, म्हणजे ठोक्यांची नोंद, घ्यायची आणि आवाज कॉम्प्युटरमधल्या सॅम्पलरकडून (खऱ्या ड्रम्सचे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) काढायचा? फोंड्या-म्हापशाला फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला खरे ड्रम्स बडवता येतच नाहीत, तेव्हा निवड या दोनांतलीच.

केबलची वाट सरळ. दोन जॅक, साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), रेकॉर्डचं बटण, झालं काम. लॅपटॉप जुना असला तरी चालतो. बँडची तालीम टिपून ठेवायची किंवा गायकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कच्ची चाल पाठवायची, तर याहून जास्त खटाटोप करूच नये. गोची होते ती नंतर. स्वस्त मोड्यूलमधून सगळं किट दोन चॅनेलांत मिसळून बाहेर पडतं. स्नेअर जरा खाली आणायला जाल तर सिंबलही खाली जातात.

मिडीत आवाज नसतोच. कुठल्या पॅडवर, कधी आणि किती जोरात, एवढीच नोंद: जनरल मिडी या ठरलेल्या क्रमांकांच्या यादीत किक म्हणजे 36, स्नेअर 38, आणि जोर 1 ते 127. त्यामुळे घसरलेला ठोका माउसने जागेवर आणता येतो आणि गाणं बसल्यावर पूर्ण किटच बदलता येतं.

पण खरा फरक ऐकायचा तर हाय-हॅटवर आणि स्नेअरच्या अगदी हलक्या ठोक्यांवर कान लावा. साध्या मोड्यूलमध्ये तोच नमुना लहान-मोठा होऊन वाजतो, म्हणून भरभर वाजवलेली हाय-हॅट मशीनगनसारखी लागते. चांगल्या सॅम्पलरमध्ये प्रत्येक जोराची वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज असतात आणि ती आलटून-पालटून वाजतात. मात्र हे आपोआप जमत नाही. हाय-हॅटच्या कडेवरचा ठोका रोलंडची किट्स 22 आणि 26 या वेगळ्या क्रमांकांवर पाठवतात. सॅम्पलरमध्ये त्या किटचा मॅप, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठला आवाज ही यादी, निवडला नाही, तर कडेवर मारलेलं एक तर गायब होतं, नाही तर भलतंच काही वाजतं. हाय-हॅटचं पेडल किती उघडं आहे हे मिडीच्या चौथ्या क्रमांकाच्या कंट्रोलरवरून येतं, तेही एकदा जुळवून घ्यावं लागतं. पहिली संध्याकाळ यातच जाते, असं धरूनच बसा.

दुसरी डोकेदुखी ठोका मारल्यावर सॅम्पलरचा आवाज कानात यायला लागणाऱ्या उशिराची. 44,100 च्या सॅम्पल रेटवर 128 चा बफर (कॉम्प्युटर एका घासात घेतो तेवढा आवाज) म्हणजे सुमारे 3 मिलिसेकंद, 512 चा जवळजवळ 12, शिवाय वरचा उशीर वेगळाच. 12 ला हात अडखळायला लागतो. लॅपटॉप दमत असेल तर वाजवताना मोड्यूलचाच आवाज ऐका, मिडी मागे रेकॉर्ड होऊ द्या आणि सॅम्पलर नंतर लावा.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवात फुकटातल्या सॅम्पलरवर होते: एमटी पॉवर ड्रम किट 2, किंवा स्टीव्हन स्लेटच्या एसएसडी 5 ची मोफत आवृत्ती. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर 60 दिवस वापरून बघता येतं. सुपिरियर ड्रमर 3 या विकतच्या सॅम्पलरचा आवाजांचा साठा 230 जीबीच्या वर आहे. वेगळी डिस्क घेतल्याशिवाय तिकडे फिरकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते ती सांगून जात नाही, म्हणून इंटरफेस आणि मोड्यूलला यूपीएस हवाच. किक पेडलची धडधड मात्र दोन्ही वाटांवर स्लॅबमधून खालच्या घरात जाणारच, तिथे जाड रबराची मॅट.

माझं मत विचाराल तर गाणं लोकांसमोर ठेवायचं असेल तेव्हा मिडीच. तरी केबलही लावून ठेवा, दोन्ही ट्रॅक एकदम घ्या. मिडीचा गोंधळ झाला तर वाजवलेलं हातात राहतं.

घुमटाला, म्हणजे आपल्या मातीच्या भांड्याच्या वाद्याला, मात्र यातलं काही लागू नाही. पॅडवर घुमटाचे नमुने बसवता येतात, पण डावा हात मागच्या तोंडावर कमी-जास्त दाबून नाद वळवला जातो, तो एकेका ठोक्याच्या नमुन्यात मावत नाही. तिथे माइक लावा. आणि चवथीच्या आरतीसारखं वाजवून घेणार असाल तर वादकाच्या कानात आधी क्लिक (लय धरून ठेवणारी टकटक) द्या, कारण आरतीची लय चढत जाते आणि ड्रम्स मागेच राहतात.