एडी ८२३२ ईसीजी मॉड्यूल: बायोमेडिकलच्या प्रोजेक्टसाठी घ्यावं का?

घ्यावं. काहीशे रुपयांत बोर्ड, तीन लीडची केबल आणि दोन-चार इलेक्ट्रोड मिळतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला एवढं पुरतं. चिप मूळची ॲनालॉग डिव्हाइसेसची. ऑनलाइन मिळणारे बहुतेक बोर्ड मात्र कॉपी असतात. तरी चिप सहसा दगा देत नाही. दगा देतात केबल, इलेक्ट्रोड आणि खोलीतली वीज.

केबलच्या रंगांवर विसंबू नका. बहुतेक संचांत लाल उजव्या खांद्याखाली, पिवळा डाव्या खांद्याखाली आणि हिरवा उजवीकडे बरगड्यांच्या खाली लागतो, पण काही केबलींत रंग वेगळेच असतात. केबल जॅकमध्ये घालून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर प्रत्येक टोक बोर्डवरच्या आरए (उजवा हात), एलए (डावा हात), आरएल (उजवा पाय) यांपैकी कुठं जातं ते पाहा. जॅक सैल असेल तर तेही इथंच कळतं. उजवा-डावा उलटला की आर शिखर, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं सर्वांत उंच टोक, खाली तोंड करून येतं.

सोबत आलेले इलेक्ट्रोड सरावापुरते ठेवा आणि सर्जिकल दुकानातून सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचं ताजं पाकीट तारीख बघून घ्या. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघडं पाकीट पंख्याखाली राहिलं की जेल सुकलंच. कागद सोलल्यावर जेल ओलं चमकलं पाहिजे. त्वचेवरचा घाम आणि तेल स्पिरिटनं पुसा, जागा वाळू द्या, मग चिकटवा. मनगटापेक्षा छातीवर लावलेलं बरं, स्नायूंची खरखर कमी येते.

पुरवठा आर्डुइनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच द्या. चिपची मर्यादा ३.५ व्होल्ट आहे, ५ व्होल्टच्या पिनला हात लावू नका. आउटपुट आर्डुइनोच्या ए० पिनला, इलेक्ट्रोड सुटल्याचं सांगणाऱ्या एलओ प्लस आणि एलओ मायनस कोणत्याही दोन डिजिटल पिनांना. इलेक्ट्रोड सुटला की यांतली पिन हाय होते, तेव्हाचं रीडिंग कोडमध्ये टाकून द्या. बेसलाइन (ठोक्यांमधली सपाट रेषा) साधारण १.६५ व्होल्टवर बसते. बोर्डचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सुमारे ११००, म्हणजे १ मिलिव्होल्टचं शिखर १.१ व्होल्ट होतं.

पुष्कळांची लाट ओबडधोबड येते ती बॉडरेटमुळं, म्हणजे आर्डुइनोकडून लॅपटॉपला आकडे जाण्याच्या वेगामुळं. ९६०० वर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, तीन आकडे आणि ओळबदल धरला तर १९० च्या आसपास सॅम्पल. ११५२०० ठेवा आणि दर ४ मिलिसेकंदाला एक सॅम्पल घ्या.

लाटेवर घरातल्या विजेची जाड ५० हर्ट्झची झालर दिसली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. भाड्याच्या खोल्यांत सॉकेटला अर्थिंग नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. बॅटरीवर लॅपटॉप चालवला की झालर बहुधा बारीक होते. मुख्य म्हणजे या बोर्डवर आयसोलेशन, म्हणजे माणसाला मेनच्या विजेपासून वेगळं ठेवणारी सोय, नाही. माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप चार्जिंगला असता कामा नये. यात हयगय नको.

यावरून निदान करू नका, रिपोर्टमध्येही तसं लिहू नका. बोर्डचा फ्रिक्वेन्सी पट्टा साधारण ०.५ ते ४० हर्ट्झचा. निदानाचा ईसीजी ०.०५ ते १५० हर्ट्झ मागतो. ०.५ च्या फिल्टरनं एसटी भाग (ठोक्याच्या शिखरानंतरचा तुकडा, डॉक्टर निदानासाठी बघतात तो) विकृत होऊ शकतो. ठोके मोजायला मात्र हे उत्तम.

माझी एकच तक्रार: सगळं आत झाकलेलं असल्यानं व्हायवात ‘गेन कुठून आलं?’ विचारलं की पोरं अडकतात. म्हणून एडी ६२० ही ॲम्प्लिफायर चिप घेऊन पहिली पायरी ब्रेडबोर्डवर स्वतः बांधा. गेनचा रेझिस्टर ५.४९ किलोओहम लावला की गेन १० मिळतं. तिथंच १०० घेऊ नका, कारण इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट (त्वचेवर आपोआप तयार होणारं स्थिर व्होल्टेज) ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचे शंभरपट ३० व्होल्ट होतात. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर ॲम्प्लिफायर लगेच सॅच्युरेट होतो, म्हणजे आउटपुट टोकाला अडकून बसतं. उरलेलं गेन हा स्थिर भाग काढणाऱ्या हायपास फिल्टरनंतर घ्या.