आई-बाबांना जेवायला कुठे न्यावं: हाँगकाँगच्या मॉलमधला हॉल की गल्लीतलं घरगुती हॉटेल?

हाँगकाँगला नवीन आलेली मंडळी आई-बाबांची तिकिटं निघाली की हमखास विचारतात: त्यांना एकदा खरं कॅन्टोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधल्या कॅन्टन भागाचं, जेवण द्यायचं, तर न्यायचं कुठे? आमच्या घरी हा प्रश्न दर डिसेंबरात येतो. आई माळकरी. बाबा रत्नागिरीचे, मासा नसला तर जेवलो असं न म्हणणारे. पर्याय दोन. एक, मॉलच्या वरच्या मजल्यावरचा झुंबरांचा मोठा हॉल. दुसरा, खाली गल्लीत एखाद्या कुटुंबाने चालवलेलं आठ-दहा टेबलांचं हॉटेल: नवरा कढईपाशी, बायको गल्ल्यावर आणि मुलगा कामावरून परत येऊन ताटल्या उचलतोय. मी दोन्हीकडे बऱ्याचदा जेवलोय, तेव्हा मला जे वाटतं ते सांगतो.

डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे वाफवलेले पदार्थ, हवे असतील तर हॉलच, त्यात वाद नाही. कोळंबी दिसेल इतक्या पातळ पारीचे हार गाव, तांदळाच्या पिठाचे लुसलुशीत चेउंग फन, हे करायला वेगळे हात लागतात आणि ते पहाटेपासून कामाला लागतात. छोट्या हॉटेलला एवढी माणसं परवडत नाहीत, त्यांचा भर संध्याकाळच्या भात-भाजी-मासळीवर असतो. सेंट्रल या भागात सिटी हॉलमध्ये मॅक्झिम्स पॅलेस आहे, तिथे अजूनही डिमसमच्या ढकलगाड्या फिरतात. एखाद्या दिवशी सकाळी आई-बाबांना तिथे जरूर न्या.

मी बोलतोय ते रात्रीच्या निवांत जेवणाबद्दल.

तिथेही सोयीच्या बाबतीत हॉल पुढेच. लिफ्ट आहे, फोटोंसकट इंग्रजी मेनू आहे, कार्ड चालतं, स्वच्छतागृह धड असतं. गल्लीत रंगीत कागदांवर चिनीत लिहिलेले पदार्थ भिंतीला चिकटवलेले असतात, बहुतेक वेळा रोख द्यावे लागतात, आणि गर्दी असली तर अनोळखी माणसांसोबत टेबल वाटून घ्यावं लागतं. पाठ टेकायला खुर्ची मिळेलच असं नाही. ज्यांचे आई-बाबा गुडघ्यांनी बेजार आहेत, त्यांनी हे आधी बघून यावं. पहिली काही वर्षं मी याच कारणांनी हॉल निवडत होतो.

मला हॉल सोडायला लावला तो एका कागदाच्या चिटोऱ्याने. कुठल्या हॉलमध्ये ते सांगत नाही, कारण ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. संध्याकाळी दोन पाळ्या असतात. बसल्या बसल्या टेबलावर चिठ्ठी आली: ६:०० ते ७:३०. मागणी मोबाइलवरून द्यायची होती, ती दिली आणि वीस मिनिटांत सूप, पालेभाजी, टोफू, भात सगळं एकदम येऊन पडलं. टेबलावरच्या फिरत्या काचेवर जागा उरली नाही. आम्ही घाईघाईने वाट्या रिकाम्या करत होतो. मासा आला तो सगळ्यांत शेवटी, सात वाजून गेल्यावर.

बाबांना कवळी आहे. काटा काढत, बोटांनी चाचपत, गोष्टी सांगत ते मासा खातात आणि डोकं शेवटी, चवीने. सव्वासातला वेटरने चहाची किटली उचलली. नंतर बिलाचं पाकीट आलं. आपल्याकडे लग्नात दुसरी पंगत खुर्चीमागे येऊन उभी राहते ना, तसंच एक कुटुंब दोन लहान मुलं घेऊन आमच्या टेबलाकडे बघत उभं होतं. बाबांनी हात पुसले. "चला, लोक खोळंबलेत." अर्धा मासा आणि अख्खं डोकं ताटलीत तसंच राहिलं. बाबांना मासा टाकून उठताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार लागलं.

हॉलवाल्यांचंही खरं आहे. तिथली भाडी बघता टेबल फिरलं नाही तर धंदा बसेल. वेटर वाईट वागला नाही, त्याला नेमून दिलेलं काम त्याने केलं. पण चार हजार किलोमीटरांहून लांबून आलेल्या माणसाला मी दीड तास मोजून दिला, हे काही मनातून गेलं नाही.

पुढच्या वेळी शाम शुई पो या वस्तीच्या बाजूला, घरी येता-जाता दिसणाऱ्या एका हॉटेलात गेलो. मासा चढवण्याआधी मालकीणबाईंनी तो जाळीत धरून दाखवला, हेकरूच्या जातीचा, शेपटी मारणारा. बाबांनी कल्ला उचलून पाहिला आणि मान डोलावली. मग दहाएक मिनिटांत तो वाफवून आला: वर आल्याच्या काड्या, कांद्याची पात, त्यावर चरचरतं तेल आणि खाली गोडसर सोया सॉस. बस्स. मसाला म्हणावा असं काही नाही. काट्यालगतचं मांस नुकतंच सुटू लागलेलं, तिथे अगदी फिकट गुलाबी. मासा याहून जास्त शिजला की इथले लोक नाक मुरडतात. ताटली ठेवताना बाईंनी ती फिरवून माशाचं डोकं बाबांकडे केलं. पंगतीतल्या मोठ्या माणसाचा हा मान.

वरची बाजू संपल्यावर बाबा मासा पलटायला गेले. बाईंनी हलकेच त्यांचं मनगट धरलं आणि आपला तळवा हवेत उपडा करून दाखवला: होडी उलटते. मासा पलटला तर कोळ्याची होडी पलटते, असं इथले दर्यावर्दी मानतात. मग दोन चमच्यांनी तिने मधला काटा शेपटीकडून अख्खा उचलून बाजूला ठेवला. बाबा मराठीत म्हणाले, "बरोबर आहे बाईचं." त्या रात्री आम्ही अडीच तास बसलो. डोकं संपलं.

तिथेही बाहेर माणसं स्टुलांवर बसून वाट बघत असतात, पण चिठ्ठी नसते. जेवणाचा वेग कढईच ठरवते म्हणा. कढया दोनच, त्यामुळे एकेक पदार्थ येतो आणि मध्ये दहा-दहा मिनिटं थांबावं लागतं. भुकेली लहान मुलं सोबत असतील तर हे जाचक होईल. आम्हाला ते थांबणंच हवं असतं. आणि कढईतून उतरून पंधरा पावलांत टेबलावर आलेल्या पालेभाजीला जो धगीचा वास असतो, ज्याला कॅन्टोनीज वॉक हेई म्हणतात, तो हॉलमध्ये मला क्वचितच मिळाला.

आता आईचं. शाकाहारी पाहुणा असेल तर हॉल सोपा, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मेनूवर "भाजी" लिहिलेलं असतं, पण ती कोंबडी आणि डुकराच्या मांसाच्या सूपमध्ये शिजवलेली असू शकते, वर ऑयस्टर, म्हणजे कालवांचा, सॉस असतो. मुळ्याच्या वड्यांत सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. मोबाइलच्या पडद्याला हे विचारता येत नाही. गल्लीत विचारता येतं. "सिक जाय" एवढं म्हणायचं, ज जावयातला. जाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही चालत नाही, आपल्या चातुर्मासासारखं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथली कित्येक माणसं ते पाळतात, म्हणून मालकीणबाईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी कढई घासून आईसाठी लो हान जाय केलं: काळे मशरूम, सोयाच्या दुधावरची वाळवलेली साय, बारीक शेवया, कोबी. दुसऱ्या खेपेला आईपुढे त्या दिवशीच्या सूपची वाटी न ठेवता थेट चहा ठेवला. त्या सूपमध्ये हाडं असतात, हे आम्ही सांगायच्या आधी त्यांच्या लक्षात होतं.

एक मात्र सांगून ठेवतो. मुंबईतलं "चायनीज" डोक्यात ठेवून दोन्हीकडे जाऊ नका. चिकन मंच्युरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वँग यांनी केलं, असं सांगतात. ते आपलं आहे आणि मला आवडतंही, पण कॅन्टनच्या स्वयंपाकात तसलं काही नाही. बाबांना चटकन आवडेल असं काही हवं असेल तर खारवलेली मासळी घालून वाफवलेला खिमा मागवा, डुकराचा चालत असेल तर. सुकटीवर वाढलेल्या माणसाला तो वास परका वाटणार नाही. वाफवलेलं अंडंही मागवा, ते खरवसासारखं थरथरतं.

पैशांचा फरक थोडाच. आमच्या हॉटेलात दहा टक्के सेवाशुल्क लागत नाही, हॉलमध्ये लागतं. माशाचा भाव दोन्हीकडे त्या दिवशीचा असतो, तो आधी विचारा.

दहा-बारा जणांचा गोतावळा असेल, कोणाची साठी असेल, तर मीही हॉलच घेईन आणि दुसरी पाळी मागेन. चौघं-पाचजण असाल तर एकदा गल्लीत जाऊन बघा. चिनी नववर्षाच्या दिवसांत घरगुती हॉटेलं बंद असतात, ते टाळा. आणि साडेसहाच्या आत पोचा. तासन् तास मंद आचेवर ठेवलेलं त्या दिवशीचं सूप आठनंतर उरत नाही.