ट्यूनिंगला पाठवलं माझं इंजिन, परत आला भलताच लायनर

कंट्रोल लाइन कॉम्बॅटची, म्हणजे तारांना बांधून उडवत एकमेकांच्या शेपटीची कागदी पट्टी कापायच्या छोट्या मॉडेल विमानांची इंजिनं ट्यूनिंगला बाहेर पाठवत असाल, तर आधी हे वाचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांनी तर नक्कीच. इकडे ही इंजिनं उघडणारा माणूस सापडणं मुश्किल, म्हणून आपण कुरियर करून मोकळे होतो आणि तिथेच गळाला लागतो.

माझं इंजिन २.५ सीसीचं, एबीसी. अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. ताकद उत्तम होती, फक्त बेअरिंग वाजायला लागले होते. इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यात आपली खारी हवा, बेअरिंग कधीतरी जाणारच. एकाने बेअरिंग बदलून 'फुल ट्यून' करून देतो म्हणत साडेचार हजार आगाऊ घेतले.

इंजिन परत आलं ते चकाचक. प्रॉप फिरवला तर कंप्रेशन घट्ट. सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळावर नेलं, पहिल्या झटक्यात सुरू झालं. इंधनाची नीडल उघडी होती तोवर ठीक चाललं, पण इंधन कमी करून (लीन) चढवलं की गरम होऊन आवाज बसायचा. कॉम्बॅटची लढत चार मिनिटांची, समोरचा आपली कागदी पट्टी कापायला टपलेला. तिथे असं इंजिन काय कामाचं? इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगची तारही जळाली. दुसरा लावला, तोही गेला.

घरी आणून मिथेनॉलने धुतलं. आतून दाट एरंडेल निघालं आणि त्याबरोबर कंप्रेशनही गेलं. एबीसीचा लायनर वरच्या टोकाला निमुळता असतो. थंड इंजिनात पिस्टन तिथे आवळल्यासारखा होतो, बोटांना लगेच कळतं. इथे तो सुळकन वर-खाली होत होता. हेड काढलं तर खालच्या दोन्ही शिम, म्हणजे पातळ चकत्या, गायब! शिम काढल्या की कंप्रेशन वाढतं, झिजलेलं इंजिन थोडा वेळ ताकदवान वाटतं आणि प्लग मात्र जळत राहतात. लायनर उजेडात धरला, तर एक्झॉस्टच्या खिडकीवर क्रोम उडून पितळ पिवळं दिसत होतं. त्याच्या वरच्या कडेवर मी टोच्याने ओढलेल्या दोन रेघाही नव्हत्या. तो लायनर माझा नव्हताच.

बेअरिंग जुनेच, गोळ्यांवर गंजाचे ठिपके तसेच.

फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमच्याकडची हवाच खारी, त्याला मी काय करू?" खाऱ्या हवेने बेअरिंग गंजतात, मान्य. पण दुसऱ्याचा लायनर माझ्या इंजिनात हवेने येत नाही. हे बोललो आणि त्याने नंबर ब्लॉक केला. खूप संताप झाला, कारण आमच्या सड्यावर येणारी दोन शाळकरी पोरं साठवलेल्या पैशांतून घेतलेली इंजिनं त्याच्याचकडे पाठवणार होती.

पाठवण्याआधी हेड उघडून लायनर, पिस्टन आणि शिमचे फोटो काढा, प्रत्येक भागावर खूण करा. काढलेले जुने बेअरिंग परत मागा, सगळे पैसे आगाऊ देऊ नका. इंजिन आलं की आतलं तेल धुवा, मगच कंप्रेशन बघा. मी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे.

माझा लायनर आता दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात असणार. वरच्या कडेवर एक्झॉस्टच्या बाजूला शेजारी शेजारी दोन बारीक रेघा दिसल्या, तर मला कळवा आणि ते इंजिन कुणाकडून घेतलं तेही सांगा.