तपासण्या बांबोळीत की खासगीत? मूल हवं असलेल्या गोव्यातल्या जोडप्यांसाठी

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, चवथीला घरी जमलेल्या काकू-मावश्यांचे प्रश्न वाढले, की बहुतेक जोडपी एकाच प्रश्नापाशी अडतात: बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं, की पणजी, म्हापसा, मडगावचं एखादं खासगी सेंटर गाठायचं? फोंड्यात आमच्या ओळखीपाळखीत हा प्रश्न बऱ्याच जणींनी मला विचारलाय. माझं उत्तर प्रत्येकीला सारखं नसतं. ते मुख्यतः तिच्या वयावर ठरतं, पैशांचा विचार त्याच्यानंतर.

वय ३५ च्या आत आणि पाळी वेळेवर असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग तपासायला जावं. ३५ उलटलं असेल तर सहा महिने पुरे. चाळिशी जवळ आली असेल, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, टीबी होऊन गेला असेल किंवा नवऱ्याचं लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, तर अजिबात थांबू नये.

आता दोन्ही ठिकाणांतला खरा फरक सांगते. या तपासण्या पाळीच्या दिवसांवर चालतात. एफएसएच, एलएच या अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सची रक्ततपासणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ट्यूबची, म्हणजे गर्भनलिकेची डाय टेस्ट साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात, रक्तस्राव थांबल्यावर. बीज सुटलं का ते कळायला प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी, म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल तर एकविसाव्या दिवशी. सरकारी हॉस्पिटलचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं: ओपीडीचे वार ठरलेले, एक्स-रेची तारीख गर्दी बघून मिळणार. दोन्ही वेळापत्रकं जुळली नाहीत की सरळ एक महिना जातो. सत्ताविशीतल्या मुलीला तो महिना परवडतो. अडतिसाव्या वर्षी असे तीन-चार महिने हातचे जाणं फार महागात पडतं.

म्हणून वय कमी असेल आणि घरचं उत्पन्न बेताचं असेल तर मी बांबोळी सुचवते, आणि मनापासून सुचवते. तिथे स्त्रीरोग, रेडिओलॉजी, युरोलॉजी सगळं एकाच आवारात आहे. नवऱ्याचा रिपोर्ट बिघडला तर त्याला दाखवायला दुसरं हॉस्पिटल शोधावं लागत नाही. २०२३ मध्ये गोमेकॉच्या सुपर स्पेशालिटी इमारतीत मोफत आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) सोय सुरू झाली, त्यामुळे पुढे गरज पडली तरी वाट तिथेच आहे. सोसावं लागतं ते सकाळचं रांगेतलं उभं राहणं, दर खेपेला वेगळा डॉक्टर समोर येणं आणि कामावरची रजा. सत्तरी तालुक्यातून किंवा काणकोणहून येणाऱ्यांचा तर अख्खा दिवसच जातो. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांनी एक लक्षात ठेवावं: २०१८ पासून गोमेकॉ परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेते. आपल्याला काय लागू होतं ते आधी विचारून घ्या.

खासगीत तारीख लगेच मिळते, डॉक्टर तोच राहतो, संध्याकाळी काम सुटल्यावर जाता येतं. गोव्यासारख्या लहान राज्यात ओपीडीच्या बाकावर ओळखीचं कुणीतरी भेटणारच, आणि काही जणींना तेच नको असतं. त्यांची ही अडचण मला पूर्ण पटते. पण तपासणारा आणि पुढे उपचार विकणारा एकच असतो, हे डोक्यात असू द्यावं. पॅकेजमध्ये बारा चाचण्या असतील तर प्रत्येकीचं कारण विचारा. एएमएच या रक्ततपासणीचंच बघा. अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरलाय याचा अंदाज त्यावरून येतो, आणि आयव्हीएफची औषधं ठरवायला तो उपयोगी पडतो. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तिशीच्या आतल्या, पाळी नियमित असलेल्या मुलीला एएमएच कमी दाखवून पहिल्याच भेटीत आयव्हीएफची तारीख देऊ पाहणाऱ्या डॉक्टरपाशी थांबू नका, दुसरं मत घ्या. आणि सेंटर नोंदणीकृत आहे ना, ते बघा. २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. लेव्हल १ च्या केंद्राला आययूआयपर्यंतच (वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्यापर्यंतच) परवानगी असते, आयव्हीएफसाठी लेव्हल २ लागतं.

पहिली तपासणी नवऱ्याची. हे मी हट्टाने सांगते, कारण आमच्याकडे अजून उलटंच चालतं. बायकोची सोनोग्राफी, बायकोचं रक्त, बायकोची ट्यूब, देवाला नवसही बायकोच्याच नावाने, आणि वर्षभराने कुणीतरी म्हणतं की त्याचंही एकदा बघूया. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत असतं. वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त आहे, दुखत नाही, सुई टोचावी लागत नाही. ती न करता बायकोला डाय टेस्टच्या टेबलावर झोपवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तपासणी आधी दोन ते सात दिवस संबंध टाळून करायची. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर तो तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, आणि वाळपईहून पणजीला किंवा काणकोणहून मडगावला तेवढ्या वेळात पोचू याचा भरवसा नसतो. आणायचाच असेल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या एसीसमोर ठेवू नये. नमुन्याचा थोडा भाग डबीबाहेर सांडला तर लाजून गप्प बसू नका, लॅबला सांगा, नाहीतर आकडे चुकीचे येतात. चांगल्या रिपोर्टवर किती दिवसांचा खंड, नमुना कधी दिला, कधी तपासला हे लिहिलेलं असतं. ते नसेल तर लॅब बदला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, आकाराने नीट ४ टक्के. हा ४ चा आकडा बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: ४ टक्के म्हणजे ठीक. एक रिपोर्ट वाईट आला म्हणून निकाल लागला असं होत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टवर दिसू शकतो. थोडी कसर असेल तर तीन महिन्यांनी परत करावी. शुक्राणू दिसलेच नाहीत किंवा फारच कमी असतील तर वाट न बघता लगेच परत करून युरोलॉजिस्टला दाखवावं.

त्याचा रिपोर्ट हातात आल्यावरच ट्यूबचा विचार. इथे तीन पर्याय समोर येतात आणि त्यातच जास्त गोंधळ होतो.

एचएसजी, म्हणजे डाय टेस्ट, एक्स-रेवर होते. टेबलावर पाय दुमडून झोपायचं, आतून तपासतात तसं साधन घालतात, मग बारीक नळीतून गर्भाशयात डाय सोडतात. मान वळवून स्क्रीन बघता आली तर आधी एक लहानसा पांढरा त्रिकोण भरताना दिसतो, मग त्याच्या दोन कोपऱ्यांतून दोऱ्यासारख्या रेघा पुढे सरकतात, आणि ट्यूब मोकळी असेल तर टोकाला तो दोरा धुरासारखा पसरतो. तोवर पोटात पाळीच्या वाईटातल्या वाईट दिवसासारखी कळ येते. बहुतेकींची ती काही मिनिटांत ओसरते, काहींना खरोखर असह्य होते. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्या, पॅड जवळ ठेवा, आयोडीनची अॅलर्जी असेल तर सांगा, आणि घरी एकटीने बसने जाऊ नका. पाळी आल्यापासून टेस्ट होईपर्यंत संबंध टाळायचे असतात. कळीमुळे ट्यूब आखडून बंद दिसू शकते, म्हणून गर्भाशयालगत ब्लॉक असा रिपोर्ट आला की तो लगेच अंतिम मानू नये.

एसएसजीत डायऐवजी सलाइन सोडून सोनोग्राफीवर बघतात. एक्स-रे नाही, त्रास बहुधा कमी, आणि गर्भाशयातला पॉलिप, म्हणजे मांसाचा लहान कोंब, यात चांगला दिसतो. पण निदान एक ट्यूब मोकळी आहे एवढंच कळतं. कुठली, ते खात्रीने सांगता येत नाही. तिसरी लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीने आत बघणं. तिला भूल द्यावी लागते. पाळीत आडवं पाडणारं दुखणं असेल, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याची) शंका असेल किंवा एचएसजीत दोष दिसला असेल, तरच ती करावी. फक्त ट्यूब बघायला पहिल्याच फेरीत लॅप्रोस्कोपी सुचवली तर कारण लिहून मागा.

मी निवडायला बसले तर ट्यूबच्या पहिल्या तपासणीला साधारणपणे एचएसजी घेईन, आणि सोनोग्राफीत आधीच गर्भाशयात काही दिसलं असेल तर एसएसजी.

आपल्या देशात ट्यूब बंद होण्यामागे टीबी बऱ्याचदा असतो, त्यामुळे डॉक्टर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगतील, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या तुकड्याची नुसती पीसीआर (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह, बाकी कशातच काही नाही, एवढ्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन या साध्या रक्ततपासण्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होतात.

तर ठरवताना असं बघा. तिशीच्या आत असाल तर सगळं बांबोळीलाच. ३५ च्या पुढे असाल आणि थोडा खर्च झेपत असेल तर वीर्यतपासणी, रक्त आणि एचएसजी बाहेर, पाळीच्या बरोबर दिवशी करून एका महिन्यात उरका. मग एचएसजीच्या फिल्म आणि मूळ रिपोर्टची फाइल घेऊन उपचारासाठी गोमेकॉत जा. तिथे एखादी चाचणी परत करायला सांगतील, तरी हातातले दोन-तीन महिने वाचतात. मधल्या वयात मी दोन्हीकडे एकदा जाऊन एचएसजीची तारीख विचारीन आणि पाळीच्या दिवसांत बसणारी जी मिळेल ती घेईन. पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जा. आणि फॉलिक अॅसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, तपासण्या संपायची वाट न बघता आजच डॉक्टरांना विचारून सुरू करा.