पंचांच्या कानातला वॉकीटॉकी: घ्यावा का?

सॉफ्टबॉलच्या पंचगिरीसाठी वॉकीटॉकीची ही जोडी घेतली. इअरपीससकट साडेचार हजारांच्या आत बसली. आमच्या रत्नागिरीकडे शालेय सामन्यांना बहुतेक वेळा दोनच पंच असतात, एक प्लेटवर (बॅटर उभी राहते ते होम, तिथे कॅचरच्या मागे) आणि एक बेसवर. घेणार असाल तर खोक्यावर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ लिहिलंय का ते बघा. त्या पट्ट्याला परवाना लागत नाही.

खेळ सुरू होण्याआधीच्या बोलण्याला संच झकास. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, बाद दोनपेक्षा कमी, म्हणजे इनफिल्ड फ्लाय लागू (आतल्या मैदानात सोपा उंच झेल उडाला की तो पकडण्याआधीच बॅटर बाद). एरवी आम्ही छातीवर हात ठेवून एकमेकांना आठवण करून देतो, पण बेसवरचे सर नेमके रनरकडे बघत असले की ती खूण फुकट जाते. कानात ‘इनफिल्ड, एक बाद’ एवढं ऐकू आलं की काम झालं.

आता बटणाची गंमत. प्लेटवरच्या पंचाच्या डाव्या हातात इंडिकेटर (बॉल-स्ट्राइक मोजायचं छोटं यंत्र), उजवा हात स्ट्राइक आणि आउटसाठी. कॅचरच्या मागे वाकल्यावर कमरेचं बटण दाबायचं कशाने? आवाजावर आपोआप चालू होण्याची सोय आहे म्हणून ती लावली, तर प्रत्येक ‘स्ट्राइक’ जोडीदाराच्या कानात बाँबसारखी फुटायची. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तर काय, माणूस न बोलताही संच चालू. आणि उपचॅनेलचा कोड लावायला विसरू नका, नाहीतर त्याच चॅनेलवरचं दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. आमच्यात मधेच कुठल्याशा मंडपातले स्वयंसेवक घुसले, ‘तिसऱ्या पंगतीला पाणी पाठवा!’ तेव्हा काउंट होता दोन-दोन, म्हणजे दोन बॉल, दोन स्ट्राइक.

पण मी घेतला होता तो वादाच्या निर्णयांसाठी, आणि तिथेच तो उपयोगी पडत नाही. एका सामन्यात शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूचा) थ्रो होमच्या बाजूला आला, फर्स्ट बेसवरची मुलगी ताणली आणि चेंडू पकडला. मी बेसवर होते. माझ्या कोनातून पाय पांढऱ्या बेसवरच दिसला, मूठ वर केली, आउट. (सुरक्षा बेस होता, नारिंगी अर्धा भाग धावणारीचा.) प्लेटवरचे सर रेषेने धावणारीच्या मागोमाग आलेले, त्यांना पाय सरळ दिसत होता. ते वॉकीटॉकीवर बोलले, मला ऐकू आलं ‘पाय... होता’. मधला शब्द वाऱ्याने खाल्ला. ‘पाय सुटला होता’ की ‘पाय लागला होता’, यावर तर आउट-सेफ ठरणार! चेंडू हातात असताना पाय बेसवर असला तरच आउट.

तोवर धावणारीच्या संघाचे कोच धावत आले, ‘मॅडम, सरांना विचारा ना!’ मी टाइम घेतला (खेळ थांबवला), इअरपीस काढला आणि सरांकडे चालत गेले. मुलींपासून लांब, डगआउटकडे, म्हणजे संघांच्या बाकांकडे, पाठ करून. मी एकच विचारलं, ‘सर, तुम्हाला पाय कुठे दिसला?’ त्यांनी जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. निर्णय माझा होता, तो बदलायचाही मीच. सेफ दिला आणि आधी दुसऱ्या संघाच्या कोचना कारण सांगितलं. ते रागावले, पण आम्ही दोघं बोललो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हेच कानातून आलं असतं आणि मी जागेवर उभ्या उभ्या हात बदलला असता, तर कुणाच्या सांगण्यावरून बदलला हा प्रश्न त्यांनी विचारलाच असता आणि बरोबर विचारला असता.

शिवाय न विचारता सल्ला द्यायची सवय लागते, ते मला अजिबात पसंत नाही. जोडीदाराने विचारल्याशिवाय त्याच्या निर्णयात बोलू नये. स्विंग अर्धवट होता का, पाय सुटला का, टॅग करताना (रनरला चेंडू लावताना) चेंडू हातातून पडला का, हे विचारावं, पण ज्याचा निर्णय आहे त्याने. नियमच चुकीचा लागत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रोटेस्ट, म्हणजे संघाची रीतसर हरकत, होऊ शकतो, नजरेच्या निर्णयावर होत नाही.

बॅटरी सकाळ-दुपार पुरते. चार्जिंगच्या भोकात मात्र जांभ्याची लाल धूळ बसते, टोपण सैल आहे.

पाचपैकी अडीच. तालुक्याच्या स्पर्धेला तिसरा पंच मिळत असेल तर आधी त्याच्या मानधनाची आणि एसटीच्या भाड्याची सोय करा, पैसे उरले तर हा संच घ्या.