मेंदूच्या टीबीचं निदान झालं ते मिरजेतलं एमआरआय सेंटर, आमचा अनुभव

वहिनीचं डोकं तीन आठवडे दुखत होतं, संध्याकाळी कणकण, मधेच उलटी, जतला पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग एका ठिकाणी साधा सीटी काढला तो नॉर्मल आला आणि आम्ही निर्धास्त झालो. चौथ्या आठवड्यात तिला एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा न्यूरोच्या डॉक्टरांनी इथे पाठवलं, कॉन्ट्रास्ट एमआरआयला, म्हणजे शिरेतून औषधाचं इंजेक्शन देऊन काढतात तो.

मशीनवर घ्यायच्या आधी रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या. वजन उतरलंय का, घरात कुणाला टीबी होता का? बाबांना चार वर्षांपूर्वी झाला होता, हे आम्ही तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं!! क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट नव्हता, तो बघितल्याशिवाय इंजेक्शन देणार नाही म्हणाल्या, त्यात दीड तास गेला, पण बरोबरच आहे.

नंतर मला स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. साध्या फोटोत मेंदूच्या तळाशी मला काहीच दिसेना, तीच जागा इंजेक्शननंतरच्या फोटोत पांढरीफटक, खाचाखाचांत चुना भरल्यासारखी. वर एका बाजूला दोन कडी एकमेकांना चिकटलेली, भोवती सूज. जंताच्या गाठीतपण असं कडं दिसतं म्हणाल्या, पण ती सहसा 2 सेंटीमीटरच्या आत, गोल, आणि बऱ्याचदा आत जंताच्या डोक्याचा ठिपका असतो, टीबीची मोठी, वेडीवाकडी, जोडून आलेली असते. तरी खात्रीसाठी स्पेक्ट्रोस्कोपी पण केली, म्हणजे त्याच मशीनवर गाठीत कुठली रसायनं आहेत ते बघतात, त्यात चरबीचं उंच टोक आलं, ते टीबीकडे बोट दाखवतं. याचे जादा पैसे घेतले नाहीत.

रिपोर्टमध्ये टीबीच आहे असं ठोकून दिलं नाही, दाट शक्यता, पाठीतलं पाणी तपासा असं लिहिलं, आणि संध्याकाळीच डॉक्टरांना फोन केला. पाण्याची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट चालू आहेत, निदान वर्षभर घ्यायच्या आहेत, आता वहिनी स्वतः चहा करते, मला तर ते बघूनच भरून येतं.

एक स्टार कापला कारण लिफ्ट बंद होती, चक्कर येणाऱ्या बाईला दोन मजले धरून चढवावं लागलं, पेशंटच्या जागी हे व्हायला नको. आणि सीडी घरी उघडली नाही, दुसरी लगेच दिली. पुढच्या महिन्यात रिपीट एमआरआय पण इथेच करणार, जुने फोटो शेजारी ठेवून बघतो म्हणाल्यात.