पालिका शाळेतली मेंटॉरगिरी: उपक्रम चांगला, वार चुकलेला

मुंबईत गोवंडीकडच्या पालिका शाळांतला हा स्वयंसेवी उपक्रम आम्हाला मनापासून आवडला. एका मेंटॉरकडे, म्हणजे मार्गदर्शक स्वयंसेवकाकडे, एकच मूल, आठवड्याला दोन तास, किमान एक वर्ष. आधी पोलीस पडताळणी आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्याची माहिती. भेट शाळेच्याच वर्गात, दार उघडं ठेवून. मुलाचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. यात जराही ढिलाई नाही, आणि ती नसावीच.

अडचण भेट रविवारी असण्याची. हार्बर रेल्वेमार्गावर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक लागला, लोकल बंद झाल्या की मेंटॉर अडकतो आणि मूल वर्गात वाट बघत बसतं. शनिवार मिळत असेल तर तोच मागून घ्या.

दुसरी चूक मेंटॉरांची: भेटीची शिकवणी करून टाकतात. आठवीतलं मूल धडा घडाघडा वाचतं, पण 1/4 मोठा की 1/3 विचारलं की 1/4 म्हणतं, कारण 4 मोठा. तिथे नियम घोकून घेऊ नका. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या, घड्या घालून एकीचे चार सारखे भाग, दुसरीचे तीन, एकेक भाग रंगवायला सांगा. उत्तर त्याचं त्यालाच दिसतं.

उपक्रमाच्या फाइलमध्ये एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचा उल्लेखच नाही, ही मोठी उणीव. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याचं पालकांशी जूनमध्येच बोला.